भुंगेऱ्याच्या जागी माणूस

सोनचाफ्याचे फळ आपण कधी निरखून पाहिले आहे काय? फूल सर्वांच्याच परिचयाचे असते. देवापुढच्या तबकात, गजऱ्यात, एस्टी स्टँडवरच्या टोपलीत, जुन्या पुस्तकात जपून ठेवलेल्या पाकळीत ते भेटते. फळाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ज्याची फुले कोणी तोडत नाही असे एखादे जुने उंच झाड शोधावे आणि बहर ओसरल्यावर त्याच्याखाली उभे राहून वर पाहावे. फांद्यांवर द्राक्षांसारखे घोस लोंबताना दिसतील. घोसातील गोळ्यांवर फिकट ठिपके असतात. गोळी पिकून तडकली की आत लालसर गर पांघरलेल्या बिया दिसतात. असे दहा-बारा घोस जमवून टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. कोणतेही दोन घोस सारखे नसतात. एकात बऱ्याच गोळ्या भरलेल्या, दुसऱ्यात चारच, तिसऱ्यात एका बाजूला दाटी आणि दुसरी बाजू रिकामी. त्यामुळे घोसाचा दांडाही वाकडा झालेला असतो.

हा घोस म्हणजे एकाच फुलाचे फळ आहे. सोनचाफ्याच्या फुलात मधोमध एका दांड्यावर पुष्कळ सुटे स्त्रीकेसर असतात. ज्याच्या कुक्षीवर योग्य पराग वेळेत पोहोचला, तो स्त्रीकेसर फुगून त्याची गोळी होते. बाकीचे सुकून जातात. म्हणजे त्या फुलाचे परागण किती झाले याचा हिशेब वाकड्या घोसात लिहून ठेवलेला असतो. तो इतका अपुरा का, हा प्रश्न बागाईत करणाऱ्यांना आणि वनस्पतिशास्त्रज्ञांना जवळजवळ तीनशे वर्षे पडत आला आहे. तो प्रश्न सोनचाफ्यापुरता नाही, त्याच्या साऱ्या गोतावळ्याचा आहे. हा गोतावळा म्हणजे मॅग्नोलिया.

आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात सोनचाफ्याचे शास्त्रीय नाव मायकेलिया चंपका असे पाठ केले असेल. मायकेलियाची फुले पानांच्या बेचक्यात येतात आणि मॅग्नोलियाची फांदीच्या टोकाला, म्हणून या दोन वेगळ्या प्रजाती मानल्या जात. डीएनएच्या अभ्यासातून ही भिंत टिकण्यासारखी नाही असे दिसले आणि 2004 मध्ये फिगलार आणि नूटेबूम यांनी मायकेलिया मॅग्नोलियात विलीन केली. आता सोनचाफा मॅग्नोलिया चंपका झाला आहे. आपला कवठी चाफाही मॅग्नोलियाच. बाकी 'चाफा' हे नाव मराठीने मोठ्या उदारपणे वाटले आहे. नागचाफा, भुईचाफा, देवळापुढचा पांढरा चाफा यांचा सोनचाफ्याशी गोत्रसंबंध नाही. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, म्हणजे दूरचा नातलग. पांढरा चाफा तर अमेरिकेतून आलेला आणि कण्हेरीच्या कुळातला. गंमत अशी, की या पांढऱ्या चाफ्याची प्रजाती प्लुमेरिया ज्या शार्ल प्लुमिए याच्या नावाने ओळखली जाते, त्यानेच 1703 मध्ये मार्टिनिक बेटावरच्या एका वृक्षाला 'मॅग्नोलिया' हे नाव दिले. ते फ्रान्समधील माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मान्योल यांच्या सन्मानार्थ होते. मराठीने एकाच नावाखाली आणलेली ही दोन झाडे युरोपच्या इतिहासातही अशी एकमेकांना भेटतात.

आता फुलाकडे वळू. मॅग्नोलियाच्या फुलात निदले आणि पाकळ्या असा स्पष्ट भेद बहुधा नसतो. दोन्हींच्या जागी सारखीच दिसणारी परिदले असतात. त्यांच्या आत एका दांड्यावर खाली पुंकेसरांची आणि वर स्त्रीकेसरांची मळसूत्री मांडणी असते. नर आणि मादी दोन्ही एकाच फुलात, अगदी शेजारी. मग परागण अवघड का व्हावे? याचे उत्तर जागेत नाही, वेळेत आहे. मॅग्नोलियाच्या फुलात कुक्षी आधी पक्व होतात. कित्येक जातींत फूल पुरते उमलण्यापूर्वीच त्या पराग स्वीकारायला तयार असतात. तेव्हा त्याच फुलातले परागकोश बंद असतात. अनेक जातींत ही मादी अवस्था संपताना फूल पुन्हा मिटते आणि दुसऱ्यांदा उमलते तेव्हा परागकोश फुटलेले असतात. पण तोवर कुक्षींची वेळ निघून गेलेली असते. तपशील जातीजातीत वेगळा आहे, क्रम मात्र बदलत नाही. आधी मादी, मग नर.

रानात हे घड्याळ उपयोगी पडते. फुलाचा पराग त्याच फुलावर पडत नाही आणि दुसऱ्याचा येण्याची शक्यता वाढते. बागेत झाड आणले, की घड्याळ त्याच्याबरोबर येते, पण ज्यांच्या भरवशावर ते लावलेले होते ते कीटक आणि त्याच जातीची शेजारची झाडे मागे राहतात. बागेतल्या मॅग्नोलियाच्या प्रजननाचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

युरोपच्या बागेत आलेला पहिला मॅग्नोलिया अमेरिकेतला. व्हर्जिनियात राहणाऱ्या जॉन बॅनिस्टर या धर्मोपदेशकाने 1688 मध्ये लंडनचे बिशप हेन्री कॉम्प्टन यांच्याकडे मॅग्नोलिया व्हर्जिनियाना पाठवला. फुलहॅम येथील आपल्या बागेत परदेशी झाडे लावण्याचा या बिशपना मोठा षोक होता. वनस्पतींना नर-मादी असते हे तोवर प्रयोगाने दाखवलेले नव्हते. कामेरारिउस याचे त्याविषयीचे प्रसिद्ध पत्र 1694 चे. म्हणजे ज्या झाडाच्या प्रजननाचे कोडे उलगडायला पुढची तीन शतके लागली, ते झाड बागेत आले तेव्हा तो प्रश्न विचारण्याची भाषाही तयार झालेली नव्हती.

अठराव्या शतकात आणखी जाती येत राहिल्या. बिया आणणे सोपे नव्हते, कारण मॅग्नोलियाचे तेलकट बी खडखडीत वाळले की बहुधा मरते. आपल्याकडेही सोनचाफ्याचे बी ताजे असतानाच, वरचा गर धुऊन पेरावे लागते, ते याचसाठी. शतकाच्या अखेरीस दोन महत्त्वाचे पाहुणे आले. 1789 मध्ये सर जोसेफ बँक्स यांच्यामुळे चीनचा पांढरा युलान, म्हणजे मॅग्नोलिया डेन्युडाटा, इंग्लंडात पोहोचला. चीनमधील देवळांच्या आवारात तो शतकानुशतके लावला जात होता. पुढच्याच वर्षी जांभळ्या फुलांचा, झुडपासारखा मॅग्नोलिया लिलीफ्लोरा आला.

योगायोग असा, की याच सुमारास जर्मनीत श्पांडाउ या गावातला एक शाळामास्तर रानोमाळ फुले पाहत हिंडत होता. क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल त्याचे नाव. एकाच फुलातील नर आणि मादी भाग वेगवेगळ्या वेळी पक्व होतात हे त्याने ओळखले. काही फुलांत नर आधी असतो, काहींत मादी आधी असते, हेही त्याने दाखवले. 1793 मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्वानांनी त्याकडे पाठ फिरवली आणि पुढच्याच वर्षी त्याची शाळेतली नोकरी संपली. फुलांच्या नादात तो शाळेकडे दुर्लक्ष करतो असा बोभाटा होता म्हणतात. पुढे डार्विनने त्याचे ऋण मान्य केले, पण तोपर्यंत श्प्रेंगेलला जाऊन बरीच वर्षे झाली होती. मॅग्नोलियाच्या घड्याळाची किल्ली 1793 मध्येच छापील स्वरूपात उपलब्ध होती. ती बागाईतदारांच्या हाती पडली नाही, एवढेच.

तरीही बागाईतदारांचे काम थांबले नाही. नेपोलियनच्या सैन्यातून निवृत्त झालेले एत्येन सुलाँज-बोदँ हे पॅरिसजवळ फ्रोमाँ येथे बाग करून राहिले होते. 1820 मध्ये त्यांच्या बागेत युलानच्या फुलांवर लिलीफ्लोराचा पराग पडून बी धरले. त्या बियांची रोपे 1826 मध्ये फुलली. पाकळ्यांचा बाहेरचा भाग गुलाबी-जांभळा, आतला पांढरा. मॅग्नोलिया सुलांजियाना या नावाने हा संकर जगभर पसरला. आज युरोप-अमेरिकेत रस्त्याकडेला किंवा घरापुढे दिसणारा मॅग्नोलिया पुष्कळदा हाच असतो.

हा संकर रानात होणे कठीण होते आणि बागेत सोपे झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वतःच्या जातीची झाडे जवळ नव्हती, पण वेगळ्या जातीचे झाड हाकेच्या अंतरावर होते. भूगोलाने दूर ठेवलेल्या जाती एका कुंपणात आल्या आणि एकमेकींचा पराग स्वीकारू लागल्या. बागेत बी धरण्याचे प्रमाण कमी झाले आणि संकराचे प्रमाण मात्र वाढले. या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडल्या.

फुलात पराग नेणारा मूळचा वाहक कोण? आपल्या काव्यात एक जुना संकेत आहे, की भ्रमर चाफ्याकडे जात नाही. कवींचे निरीक्षण पुरते खरे नाही, पण ते पुरते खोटेही नाही. मधमाश्या मॅग्नोलियावर येतात, पण परागासाठी येतात, म्हणजे फूल नर अवस्थेत असताना येतात. मादी अवस्थेतील फुलात तिला नेण्यासारखे फारसे काही नसते, म्हणून तिथे ती फिरकत नाही. अंगभर पराग माखून ती एका नर फुलावरून दुसऱ्या नर फुलावर जाते. बी धरण्याच्या दृष्टीने ही खेप फुकट जाते.

खरे वाहक भुंगेरे. आमच्या म्हणण्यातला भुंगेरा म्हणजे कवितेतला गुणगुणणारा भुंगा नव्हे. भुंगा हा मधमाशीचा भाऊबंद. भुंगेऱ्याच्या पाठीवर कठीण पंखांचे कवच असते, ढालकिड्यासारखे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटालियन शास्त्रज्ञ फेदेरिको देल्पिनो यांनी तिथल्या बागांतील मॅग्नोलियाच्या फुलांत गुलाबावरचे चकचकीत हिरवे भुंगेरे घुसलेले पाहिले आणि हे फूल भुंगेऱ्यांसाठीच आहे असे प्रतिपादन केले. निष्कर्ष बरोबर होता. मात्र त्यांनी पाहिलेली झाडे अमेरिकेतली आणि चीनमधली, भुंगेरे इटलीचे. परक्या गावात मिळेल त्या वाहनाने प्रवास चाललेला होता.

मूळ गावी काय चालते ते नीट कळायला 1974 साल उजाडावे लागले. अमेरिकेतील लेनर्ड थीन यांनी तिथल्या रानातील मॅग्नोलियांचा फुलोरा बारकाईने पाहून त्याचा सविस्तर अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध केला. छोटे भुंगेरे कित्येकदा न उमललेल्या कळीतच परिदलांच्या फटीतून शिरतात, हे त्यात दिसले. आत ऊब असते, आडोसा असतो, थोडा स्राव आणि कोवळे खाद्य असते. अंगावर आधीच्या फुलाचा पराग घेऊन आलेला भुंगेरा कुक्षींवर वळवळतो. ते फूल नर अवस्थेत गेले की नव्या परागाने माखून तो पुढच्या कळीकडे जातो. जे कळीत शिरू शकते, त्यालाच या घड्याळाची वेळ गाठता येते. मधमाशी उमललेल्या फुलाची वाट पाहते आणि उशिरा पोहोचते. पुढे मेक्सिको आणि ब्राझीलमधील काही मॅग्नोलियांची फुले स्वतः उष्णता निर्माण करतात असेही आढळले. ब्राझीलच्या मॅग्नोलिया ओव्हाटाचे फूल एका संध्याकाळी मादी अवस्थेत तापते आणि दुसऱ्या रात्री नर अवस्थेत पुन्हा तापते.

हे वाचल्यावर आम्हाला आमच्या विद्यार्थिदशेतला एक फजितीचा प्रसंग आठवला. कॉलेजच्या आवारातल्या सोनचाफ्यावर परपरागण करून दाखवायचे आम्ही ठरवले होते. रोज सकाळी शिडी लावून, छान उमललेली फुले निवडून, रंगाच्या कुंचल्याने दुसऱ्या झाडाचा पराग आम्ही कुक्षींना लावत असू. पंधरा दिवस हा उद्योग चालला. दोरे बांधून खुणा केलेल्या फुलांपैकी एकानेही गोळी धरली नाही. आमच्या प्राध्यापकांनी "पराग खराब असेल" असे म्हणून आमचे समाधान केले. पराग खराब नव्हता. आम्ही मधमाशीची चूक करत होतो. उमललेले फूल निवडत होतो.

अनुभवी संकरकार ही चूक करत नाहीत. उद्या उमलणार अशी कळी ते आज निवडतात, परिदले अलगद सोलतात, पुंकेसर काढून टाकतात आणि उघड्या पडलेल्या कुक्षींवर पराग लावतात. वेगवेगळ्या वेळी फुलणाऱ्या जातींसाठी पराग कोरडा करून फ्रिजमध्ये ठेवतात. 1963 मध्ये अमेरिकन मॅग्नोलिया सोसायटी स्थापन झाली आणि अशा हौशी व व्यावसायिक मंडळींना एकमेकांशी बोलायला व्यासपीठ मिळाले. थोडक्यात, भुंगेरा जे सहज करतो ते चिमटा आणि कुंचला घेऊन माणूस करू लागला.

पण वेळ साधली तरी काही संकरांना बी धरत नव्हते. धरलेले बी रुजून मोठे झालेले झाड पुढे वांझ निघे. ही दुसरी अडचण गुणसूत्रांची, आणि ती उलगडण्यात एका भारतीय बाईंचा मोठा वाटा आहे.

डॉ. जानकी अम्माल यांचा जन्म 1897 मध्ये केरळातील तेलिचेरी येथे झाला. मद्रासमध्ये शिक्षण घेऊन त्या अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि 1931 मध्ये त्यांनी तिथली डी.एससी. पदवी मिळवली. परत आल्यावर कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात त्यांनी उसाच्या संकरावर काम केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या इंग्लंडात जॉन इनेस संस्थेत होत्या. तिथे सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा जो कोश तयार केला, तो 1945 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर विस्ली येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत त्या कोशिकाशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाल्या आणि तिथे त्यांनी मॅग्नोलिया हाती घेतला.

मॅग्नोलियात गुणसूत्रांचा मूळ संच 19 चा. साध्या जातींत असे दोन संच, म्हणजे 38 गुणसूत्रे असतात. जपानचे कोबुस आणि स्टेलाटा या प्रकारचे आहेत. लिलीफ्लोरात चार संच, म्हणजे 76. युलानमध्ये सहा संच, म्हणजे 114. दार्जिलिंग-सिक्कीमकडचा भव्य मॅग्नोलिया कॅम्बेलाय हाही सहा संचांचा. आता सुलाँज-बोदँ यांच्या बागेतले गणित फळ्यावर मांडून पाहा. युलानच्या बीजांडात 114 च्या निम्मी, म्हणजे 57. लिलीफ्लोराच्या परागात 76 च्या निम्मी, म्हणजे 38. बेरीज 95, म्हणजे पाच संच. अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रांना जोड्या लावाव्या लागतात. पाच संचांत जोड्या लावताना काही गुणसूत्रे एकटी उरतात, वाटणी विस्कटते, पुष्कळ पराग आणि बीजांडे निकामी होतात. सगळी मात्र होत नाहीत. सुलांजियानाला थोडे बी धरते, आणि त्या थोड्या बियांतून आलेल्या काही वाणांत संचांची संख्या पाचापेक्षा जास्त भरते. एखादे असंतुलित फूल कधी काय देईल याचा नेम नसतो.

जानकी अम्माल मोजणीपाशी थांबल्या नाहीत. कोबुसच्या बिया भरपूर मिळत होत्या. त्यांची रोपे वाढवून, दोन बीजपत्रे पुरती उलगडल्यावर मधल्या कोंबावर त्यांनी कोल्चिसिनचे द्रावण लावले. कोल्चिसिनमुळे पेशी विभागताना तर्कुतंतू तयार होत नाहीत. गुणसूत्रे दुप्पट होतात, पेशी मात्र दुभागत नाही. हे द्रव्य आपल्याकडच्या कळलावीतही असते, म्हणून कळलावी विषारी. अशा रोपांतून वाढलेल्या झाडांची पाने जाड झाली, काहींच्या फुलांची परिदले दळदार झाली आणि फुले अधिक टिकू लागली. विस्लीच्या बॅटलस्टन टेकडीवर ती झाडे लावली गेली. त्यातल्या पांढऱ्या फुलांच्या एका वाणाला पुढे 'जानकी अम्माल' हेच नाव दिले गेले. 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या भारतात परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेच्या कामाला लागल्या. मॅग्नोलियांच्या वंशेतिहासावरचा त्यांचा निबंध 1952 मध्ये एका भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 1977 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 1984 मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत मेंडेलचा वाटाणा असतो तसे जानकी अम्मालचे हे झाड एका चौकटीत तरी असायला हवे होते, असे आम्हाला फार वाटते.

संचांचे गणित कळल्यावर वांझपणाही उपयोगात आणता येऊ लागला. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये डी व्हॉस आणि कोसार यांनी 1955-56 मध्ये लिलीफ्लोरा आणि स्टेलाटा यांचा संकर केला. हेतू होता उशिरा फुलणारे झाड मिळवण्याचा, कारण लवकर फुलणाऱ्या मॅग्नोलियांची फुले तिकडे हिमकडाक्याने एका रात्रीत काळी पडतात. गणित असे: 38 अधिक 19, म्हणजे 57. तीन संच, जवळजवळ पुरते वांझ. त्यातून निवडलेल्या आठ झाडांना ॲन, बेटी, जेन, सुझन अशी मुलींची नावे दिली गेली. ही आठही झाडे केवळ कलमा-छाटांनी वाढवली जातात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन उद्यानात 1956 मध्ये एव्हामारिया स्पेर्बर यांनी पिवळसर-हिरव्या फुलांच्या अक्युमिनाटाचा युलानशी संकर केला. त्यातून आलेला, फिकट पिवळ्या फुलांचा 'एलिझाबेथ' 1970 च्या दशकात बाजारात आला. मधली वीस वर्षे झाड वाढवून, फुलू देऊन, पारखण्यात गेली. बियांपासून वाढवलेला कॅम्बेलाय तर फुलायला पंचवीस-तीस वर्षे घेतो. या झाडाचा संकर करणाऱ्याने तो तरुणपणीच केलेला बरा. आमच्या वयाला आता उशीर झाला.

आपल्या सोनचाफ्याचे काय? त्यात दोनच संच आहेत, गुणसूत्रांची अडचण नाही. पांढऱ्या फुलांचा मॅग्नोलिया आल्बा हा मात्र सोनचाफा आणि माँटाना यांचा संकर. त्याला बी क्वचितच धरते, म्हणून तो गुटी किंवा कलम बांधूनच वाढवतात. सोनचाफ्याचीही आता कोकणात कलमेच लावतात, कारण बियांचे झाड फुलायला सात-आठ वर्षे लावते आणि कलम वर्षा-दोन वर्षांत. फुलांचा धंदा करणाऱ्याला ते सोयीचे आहे, त्यात चूक काहीच नाही. पण एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. एकाच मातृवृक्षाची शंभर कलमे लावली, तरी जननिक दृष्ट्या ते एकच झाड असते. या कलमाचा पराग त्या कलमावर पडला तरी ते स्वपरागणच. फुलाचे घड्याळ एका फुलापुरते स्वपरागण टाळते, शेजारच्या कलमावरच्या नर फुलाला ते अडवू शकत नाही. शिवाय फुले उमलताच तोडली जातात. मग फळ दिसणार कोठून?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅग्नोलिया कुळाच्या लाल यादीत तीनशेहून अधिक जातींची पाहणी आहे. त्यातल्या जवळजवळ निम्म्या जातींचे रानातले अस्तित्व धोक्यात आहे. त्यांतल्या काही वनस्पतिउद्यानांत सुरक्षित आहेत, असे आपण समाधान मानतो. पण उद्यानात त्या जातीचे एकच झाड असेल, तर बी धरत नाही किंवा दुर्बळ धरते. आणि शेजारी दुसरी जात फुलत असेल, तर भरघोस बी धरले तरी ते मूळ जातीचे नसते, संकराचे असते. ते बी रानात नेऊन पेरले, तर जात वाचवण्याऐवजी आपण ती पुसून टाकू. अशा उद्यानांना आता वेगवेगळ्या मातृवृक्षांची रोपे एकत्र लावावी लागतात आणि फुलांवर जाळीच्या पिशव्या बांधून, योग्य पराग योग्य संध्याकाळी हाताने लावावा लागतो. दोनशे वर्षांपूर्वी नव्या रंगाच्या हौसेसाठी शिकलेली ही युक्ती आता जुनी जात टिकवण्याच्या कामी येते.

शाळेच्या आवारात किंवा गावात सोनचाफा असेल, तर हे सारे मुलांना दाखवता येईल. उद्या उमलेल अशी कळी संध्याकाळी तोडून उभी चिरावी. भिंगातून कुक्षींचा ओलसर तजेला आणि खालचे बंद परागकोश दिसतात. त्याच झाडाचे दोन दिवसांचे फूल शेजारी चिरून ठेवावे. परागकोश फुटलेले आणि कुक्षी तपकिरी पडलेल्या असतात. हाताशी येईल अशा एखाद्या फांदीवर पाच-सहा कळ्या राखाव्यात, चिमट्याने पुंकेसर काढावेत, दुसऱ्या गावच्या, कलमाच्या नव्हे तर बियांपासून वाढलेल्या झाडाचा पराग त्याच संध्याकाळी कुक्षींना लावून मलमलीची पिशवी बांधावी. तुलनेसाठी पाच-सहा फुले नुसतीच राखावीत. त्यांना कोणी हात लावू नये, पूजेसाठीसुद्धा. गोळ्या धरल्या की दोन्हीकडच्या मोजाव्यात. आमच्या पंधरा दिवसांच्या उद्योगात शून्य भरल्या होत्या. तुमच्या वर्गाच्या किती भरल्या, ते आम्हाला जरूर कळवावे.